थाळीतील राजस्थान आणि पंगतीचा संस्कार

रविवारी सायंकाळी स्वयंपाकघराला सुट्टी देण्याची प्रथा नागपूरच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत आता चांगलीच रुळली आहे. सीताबर्डी, धरमपेठ, रामदासपेठ आणि वर्धा मार्ग या भागांत उपाहारगृहे वाढली आणि त्यांत राजस्थानी थाळीने मानाचे स्थान मिळविले. दारात कपाळी टिळा, रंगीत पगडी बांधलेले वाढपी, भल्यामोठ्या थाळीत मांडलेल्या वाट्या, दाल-बाटी-चूरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, कढी, बाजरीची भाकरी, मूगडाळीचा हलवा आणि शेवटी ताक. आजोबांपासून नातवापर्यंत तीन पिढ्या एका मेजाभोवती बसतात आणि प्रत्येकाला आवडीचे काही ना काही मिळते. पिझ्झा-बर्गरच्या जाहिरातींनी शहरे व्यापलेली असताना नव्या पिढीला वाटी-थाळीत जेवावेसे वाटणे, ही समाधानाचीच गोष्ट होय. या थाळीकडे नाक मुरडून पाहण्याचे काहीच कारण नाही. मात्र ती थाळी काय सांगते आणि तिच्यासमोर बसणारा समाज त्यातले किती ऐकतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

अभावातून आलेले वैभव

आज 'शाही' म्हणून वाढली जाणारी ही थाळी मुळात अभावाची लेक आहे. मारवाडच्या वाळवंटात पाणी दुर्मीळ आणि हिरवी भाजी त्याहून दुर्मीळ. तेथील गृहिणीने त्यातूनही मार्ग काढला. भाजी नाही म्हणून बेसनाचे गट्टे आले, पापडाचीही भाजी झाली. केराच्या झुडपाची फळे आणि खेजडीच्या शेंगा, म्हणजेच सांगरी, वाळवून साठविल्या गेल्या. पाणी वाचावे म्हणून दूध, दही, ताक आणि तूप यांचा वापर वाढला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली बाटी प्रवासात टिकते, म्हणून ती वाटसरूची शिदोरी ठरली. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ राजस्थानात आजही 'छप्पनिया अकाल' या नावाने ओळखला जातो. अशा दुष्काळांना तोंड देत जगलेल्या समाजाने प्रत्येक दाण्याचे मोल जाणले, त्यातून ही पाककला घडली.

ज्या खेजडीची सांगरी चवीने खाल्ली जाते, त्याच खेजडीच्या रक्षणासाठी १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावी अमृतादेवी आणि बिष्णोई समाजाच्या एकूण ३६३ स्त्री-पुरुषांनी बलिदान केले. राजवाड्याच्या बांधकामासाठी झाडे तोडावयास आलेल्या राजसेवकांसमोर त्यांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि प्राण दिले. पर्यावरण हा शब्द सभा-संमेलनांतून गाजू लागण्यापूर्वीची ही कथा आहे. सांगरीची वाटी समोर आली की घरातील वडीलधाऱ्यांनी ती मुलांना सांगावी, इतकी ती मोलाची आहे.

रोडगा आणि बाटी

वऱ्हाडातून वा नागपूरकडून आलेल्या माणसाला बाटी परकी वाटत नाही, याचेही कारण आहे. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी हा विदर्भातील शेतावरच्या जेवणाचा थाट होय. मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य गावोगावी होतो. एकनाथांच्या भारुडातील सासुरवाशीणसुद्धा भवानीआईला रोडगाच कबूल करते. बिहारची लिट्टी याच कुळातली. बेसनाचे गट्टे आणि विदर्भाचा पातोडीचा रस्सा शेजारी ठेवले तर दोघांची सोयरीक पटण्यास पुरावा लागत नाही. कोरड्या मुलखात उन्हाळ्याशी झगडणाऱ्या गृहिणींनी शेकडो कोस दूर राहूनही सारखीच उत्तरे शोधली. भाषा निराळ्या, वेश निराळे, पण चुलीचे शहाणपण एक. राष्ट्राच्या एकात्मतेवर ग्रंथ पुष्कळ लिहिले गेले. तिचे दर्शन मात्र अशा साध्या गोष्टींतूनही घडते.

जे पदार्थांचे तेच माणसांचे. कापसाच्या व्यापाराबरोबर मारवाडी कुटुंबे विदर्भाच्या गावागावांत स्थिरावली. सीकरजवळ १८८९ साली जन्मलेले जमनालाल बजाज वर्ध्याला दत्तक आले आणि वर्ध्याचेच झाले. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले झाले, ते त्यांच्याच पुढाकाराने. बिकानेरच्या हल्दीराम घराण्याची एक शाखा नागपुरात आली आणि आज परगावचा पाहुणा नागपूरहून परतताना संत्रा बर्फीचा डबा घेतल्याशिवाय निघत नाही. बिकानेरचा हलवाई आणि विदर्भाचे संत्रे यांचे हे मीलन दोघांचीही प्रतिष्ठा वाढविणारे ठरले. २००८ साली महाराष्ट्रात परप्रांतीयांच्या प्रश्नावरून जे वातावरण तापविले गेले, त्या वेळी या उदाहरणांचे स्मरण कोणी फारसे केले नाही. 'आतला' आणि 'बाहेरचा' हा भेद पुन्हा कधी डोके वर काढू लागला, तर ते करावे लागेल.

'पैसे वसूल' ही वृत्ती

आता दुसरी बाजू. थाळीचा दर ठरलेला असतो आणि वाढणे अमर्याद असते. येथे ग्राहकाच्या मनात एक हिशेब सुरू होतो. दिलेल्या पैशांचा पुरेपूर मोबदला मिळालाच पाहिजे, म्हणून नको असलेले पदार्थही थाळीत घेतले जातात. दोन घास चाखून बाकीचे तसेच पडून राहते. ज्या भूमीत ताकाचा थेंब जपला गेला, तिच्याच नावाची थाळी निम्मी भरलेली उचलली जावी, यासारखी विसंगती नाही. राजस्थानात पाहुण्याला प्रेमाने केल्या जाणाऱ्या आग्रहाला 'मनुहार' म्हणतात. घरची मनुहार करणारी माउली समोरच्याची भूक ओळखून वाढते. उपाहारगृहातील वाढप्याला ते कसे साधावे? तेथे थांबण्याचे काम जेवणाऱ्यालाच करावे लागते.

'पैसे आम्ही मोजले, टाकू नाहीतर खाऊ', असे उत्तर कधी कधी ऐकू येते. हे उत्तर भारतीय नव्हे. पैशाने अन्नाची किंमत चुकती होते. शेतकऱ्याचा घाम, पाणी आणि माती यांचे ऋण चुकते होत नाही. नागपूरपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर तो विदर्भ आहे, जेथील कास्तकारांच्या आत्महत्यांनी देश हळहळला आणि ज्याच्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली केंद्र सरकारला ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. त्या विदर्भाच्या या महानगरात डाळ-भाकरी खरकट्याच्या बादलीत जाते, तेव्हा तो केवळ खाजगी व्यवहार उरत नाही.

दोष सगळा उपाहारगृहांचा, असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यांतील ६० टक्के घराघरांतून गेले. शीतकपाटात शिळे होणारे डबे आणि लग्नसमारंभांतील खरकटे यांकडे डोळेझाक करून चालणार नाही. २०१७ च्या मार्चमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून अन्नाच्या नासाडीचा विषय मांडला. त्यानंतर तत्कालीन अन्नमंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलांत वाढल्या जाणाऱ्या प्रमाणाचा मुद्दा काढला, तेव्हा सरकारने लोकांच्या ताटात डोकावू नये, अशी टीका झाली. टीका अगदीच अनाठायी नव्हती. ताटाची मर्यादा कायद्याने ठरत नसते. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. ते आदेश नव्हते, आवाहन होते. असंख्य घरांनी ते व्रतासारखे पाळले. कारण आवाहन करणाऱ्याने आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली होती.

पंगत काय शिकविते

महाराष्ट्राच्या पंगतीने हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या दिला. पानाला डावी बाजू आहे, उजवी बाजू आहे. मीठ, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर यांचे स्थान ठरलेले आणि मापही ठरलेले. आग्रह भरपूर, परंतु पानात टाकणे हा अपमान. संघाच्या वर्गांत हाच संस्कार अधिक शिस्तीने रुजला. लागेल तेवढेच घ्यावे, घेतलेले संपवावे, आपले ताट आपण घासावे. शेजारी कोण बसला आहे, त्याची जात कोणती, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याच्या शिबिराला महात्मा गांधींनी भेट दिली, तेव्हा सर्व जातींचे स्वयंसेवक एकत्र राहतात व जेवतात हे पाहून ते प्रभावित झाले होते. सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्लीत स्वयंसेवकांसमोर बोलताना त्यांनी त्या भेटीची आठवण आवर्जून काढली. बाळासाहेब देवरस यांनी १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध धिक्कार केला, तो याच आचरणाच्या बळावर.

येथे उपाहारगृहाचेही श्रेय मान्य केले पाहिजे. थाळीच्या मेजावर स्वयंपाक्याची वा शेजाऱ्याची जात कोणी विचारीत नाही. शहरांतील सहभोजन अशा रीतीने सहज घडू लागले, हा मोठा बदल आहे. परंतु तेथे प्रवेश पैशाने मिळतो आणि बिल चुकते झाले की संबंध संपतो. खरी कसोटी घरच्या पानाची आहे. रविवारी अनोळखी माणसांच्या शेजारी आनंदाने जेवणाऱ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघराशेजारी, वर्षभरात अन्य जातीचे, अन्य वस्तीतले किती जण पाहुणे म्हणून बसले? घरकाम करणाऱ्या मावशींना चहा कोणत्या कपात दिला जातो? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक घराने मनाशीच द्यावयाची आहेत. ती देताना मान खाली जात असेल, तर समरसतेवरील व्याख्याने ऐकून काही साधले नाही, असेच म्हणावे लागेल.

संघाच्या शताब्दीनिमित्त पंचपरिवर्तनाचा विचार समाजापुढे ठेवण्यात आला. समरसता, कुटुंबप्रबोधन, पर्यावरण, स्वबोध आणि नागरी कर्तव्य या पाचांची सुरुवात एका ताटापासून करता येईल. थाळी खावयास अवश्य जावे. मुलांना प्रथम थोडेच वाढून घेण्यास शिकवावे. पगडी घातलेल्या तरुणाला 'भाऊ' म्हणून हाक मारावी, त्याच्या गावाची चौकशी करावी. महिन्यातील एका रविवारी मात्र घरीच रोडगे भाजावेत, पातोडीचा रस्सा करावा. लेकींबरोबर लेकांनीही ते शिकावे. त्या पानावर शेजारच्या मारवाडी कुटुंबाला बोलवावे आणि आजवर घराच्या उंबरठ्याबाहेर राहिलेल्या बांधवालाही बोलवावे. त्या दिवशी आग्रह मनापासूनचा असेल आणि पानात काही उरणार नाही.