फजरपर्यंत थांबू नका

रमजानची रात्र होती. तरावीह आटोपून मी घरी आलो होतो आणि राहिलेलं काम उरकायला लॅपटॉप उघडला होता. तेवढ्यात कॉलेजातल्या एका जुन्या मित्राचा फोन आला. तो तालुक्याच्या गावी राहतो. आवाज दबका होता. त्याच्या नात्यातल्या एका मुलीवर त्याच संध्याकाळी अत्याचार झाला होता. करणारा परका नव्हता, घरात ऊठबस असलेलाच होता. "तू शिकलेला आहेस, नेटवर बघून सांग, आता काय करायचं?" त्याने विचारलं. मागून त्याच्या अम्मीचा आवाज येत होता. पोरगी म्हणतेय, मला आधी गुस्ल करू द्या, मला फजर पढायची आहे.

मी म्हणालो, "करू दे. झोपू दे तिला. सकाळी बघू."

ती मुलगी सज्ञान आहे. तिच्या संमतीने मी हे लिहितो आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझं वाक्य मात्र बदललेलं नाही.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर आधी काय करायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. लॉग पुसायचे नाहीत, जे आहे ते तसंच ठेवायचं, आणि ज्याला दुरुस्ती येते त्याला लगेच उठवायचं. यंत्राच्या बाबतीत जे मला तोंडपाठ होतं, ते माणसाच्या बाबतीत माहीत नव्हतं. मकतबात कोणी शिकवलं नाही, शाळेत नाही, इंजिनीअरिंगच्या चार वर्षांतही नाही. मीही कधी विचारलं नाही. अशा गोष्टी आपल्या घरात होत नाहीत, असं आपण धरून चाललेलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जवळच्या दवाखान्यात गेले. तिथे सांगितलं, "आधी पोलिसांत जा, मग तपासू." पोलीस ठाण्यात सांगितलं, "घटना आमच्या हद्दीत नाही." दुपारी घरी चार वडीलधारी मंडळी बसली आणि त्यांनी निर्णय दिला, "बात घर की घर में रहने दो." मुलाला समज देऊ, माफी मागायला लावू, मुलीचा निकाह जमायचा आहे, नाव बाहेर जाऊ नये.

तीन दारं झाली आणि तिन्हीकडून ती परत आली. मग मी कायदा वाचायला बसलो. यातले पहिले दोन नकार हे स्वतःच गुन्हे होते, आणि तिसऱ्या निर्णयाला कायद्यात काडीची किंमत नव्हती. हे आम्हाला आदल्या रात्री माहीत असतं, तर त्या मुलीचे अठरा तास वाया गेले नसते. म्हणून हे संपादकीय. ही माहिती आधीच डोक्यात असावी लागते. गरज पडल्यावर शोधायला बसलो तर उशीर झालेला असतो.

पहिलं दार दवाखान्याचं. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने बलात्कारपीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५७ सी कलमात होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३९७ मध्ये आहे. उपचार नाकारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. "आधी पोलिसांत जा" असं म्हणण्याचा अधिकार कोणत्याही डॉक्टरला नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, ते त्याचं काम आहे. पण सज्ञान स्त्रीने तक्रार द्यायची की नाही, तपासणीतला कोणता भाग करू द्यायचा आणि कोणता नाही, हे तीच ठरवते. तिने तक्रार नको म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत.

घाई कशासाठी, तेही समजून घेऊ. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी चांगली, तीही शक्यतो ७२ तासांत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात. म्हणून अंघोळ करण्याआधी, कपडे धुण्याआधी रुग्णालय गाठायचं. कपडे बदललेच असतील तर ते प्लास्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत ठेवायचे. आणि अंघोळ झाली असेल तर? तरीही जायचंच. पाणी अंगावर घेतल्याने तिचा हक्क वाहून जात नाही. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमीत सिंग खटल्यात सांगितलं आहे. तिने झटापट केली नाही म्हणजे तिची संमती होती असं होत नाही, हेही आता कायद्यात लिहिलेलं आहे. तपासणीच्या नावाखाली दोन बोटांची चाचणी कोणी करू पाहत असेल तर तिथेच हरकत घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती चूक ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणं हे गैरवर्तन आहे असं बजावलं.

दुसरं दार पोलीस ठाण्याचं. घटना कुठेही घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात एफआयआर नोंदवता येतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. नंतर तो योग्य ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम आहे, पीडितेचं नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांत तिला कळवायचं असतं. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो कायदा लागू होतो. तिथे माहिती असूनही कळवलं नाही तर तो आपला गुन्हा ठरतो, मग आपण काका असू, शिक्षक असू की मशिदीचे विश्वस्त.

आपल्यातल्या अनेकांच्या मनात इथे एक गाठ असते. पोलीस आपलं ऐकतील का? ही भीती हवेतून आलेली नाही. २००२ मध्ये गुजरातमध्ये बिल्किस बानोवर सामूहिक अत्याचार झाला आणि तिच्या घरची माणसं मारली गेली. स्थानिक पोलिसांनी तपास गुंडाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला, २००४ मध्ये खटला मुंबईत आणला, आणि २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप झाली. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. इतकंच नव्हे, कर्तव्यात कसूर करणारे पोलीस आणि डॉक्टर यांनाही दोषी ठरवलं. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी ते अकरा जण बाहेर आले, हार-तुरे झाले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. बावीस वर्षांच्या या लढाईतून मी दोन गोष्टी घेतो. यंत्रणा नकार देते हे खरं, आणि नकार शेवटचा नसतो हेही खरं. पण त्यासाठी कोणीतरी तिच्या बाजूला उभं राहावं लागतं. तिचा नवरा राहिला, वकील राहिले, कार्यकर्त्या राहिल्या.

आज आपण ज्या कायद्याचा आधार घेतो, त्याची सुरुवातही एका गरीब मुलीपासून झाली. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना सोडलं. चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मुंबईपासून दिल्लीपर्यंत स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ती मुलगी आपल्याच महाराष्ट्रातली. तिच्यासाठी उभ्या राहिलेल्यांनी तिची जात-जमात विचारली नव्हती.

तिसरं दार मात्र आपलं स्वतःचं आहे, आणि ते उघडणं सगळ्यात अवघड. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोड होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या मदनलाल खटल्यात हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. जमातीची बैठक, पंचांची माफी, त्याच माणसाशी निकाह यांपैकी कशानेही गुन्हा मिटत नाही. गुन्हेगार दुसऱ्या समाजाचा असला की आपण मेणबत्त्या घेऊन चौकात उतरतो. आपल्यातला असला, त्यातून उस्ताद किंवा मोठ्या घरचा असला, की आपल्याला अचानक सब्र आठवतो. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते आहे की नोंद झालेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. म्हणजे आपण ज्या दिशेला पहारा ठेवतो, तिकडून धोका फार कमी येतो.

"चार साक्षीदार आणा" असं अजूनही काही जण म्हणतात. सूरह नूरमध्ये चार साक्षीदारांची अट स्त्रीच्या चारित्र्यावर आरोप करणाऱ्यांना घातलेली आहे. ती तिच्या संरक्षणासाठी आहे. पाकिस्तानात १९७९ च्या हुदूद अध्यादेशाने व्यभिचार आणि बलात्कार एकाच तराजूत घातले. तक्रार घेऊन गेलेल्या स्त्रियाच तुरुंगात गेल्या. शेवटी २००६ मध्ये त्यांनाच तो कायदा बदलावा लागला. नमाजला निघालेल्या एका स्त्रीवर अत्याचार झाल्याची हकीकत तिरमिजी आणि अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहांत आहे. प्रेषितांनी तिच्यावर ठपका ठेवला नाही, जाब त्या पुरुषाला विचारला. मग तिला "तू एकटी का गेलीस" असं विचारणारे आपण कोण?

आता त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो. मी सांगितलेल्या कशाचाच उपयोग झाला नव्हता. उपयोग झाला तो मित्राच्या अम्मीचा. ती चौथी शिकलेली बाई. बैठक चालू असताना ती उठली, बुरखा घातला आणि मुलीला म्हणाली, "चल, मी आहे." त्यांनी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला. तिथून जिल्ह्याच्या गावच्या वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळाला. २०१५ पासून चालू असलेल्या या केंद्रांना सखी केंद्र म्हणतात. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि थोडे दिवस राहण्याची सोय एकाच ठिकाणी मिळते. तिथली ताई त्यांच्यासोबत जिल्हा रुग्णालयात आली, ठाण्यात आली. औषधं ७२ तासांच्या आत सुरू झाली. एफआयआर नोंदला गेला. खटला अजून चालू आहे.

पैशाची अडचणही येतेच. कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, गंभीर प्रकरणांत दहा लाखांपर्यंत मदत मिळते आणि त्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सेहत संस्था आणि महापालिका यांनी मिळून दिलासा केंद्र सुरू केलं. पीडितेला रुग्णालयातच आधार मिळू शकतो, हे त्याने दाखवून दिलं. फोटो किंवा व्हिडिओ पसरवण्याची धमकी असेल तर १९३०, मूल असेल तर १०९८, तातडीचा धोका असेल तर ११२.

तरुण मित्रांनो, मैत्रिणींनो, मोर्चे आपण काढतोच. आता थोडं कंटाळवाणं काम करू या. आपल्या प्रत्येक शाखेने तालुक्याची एक यादी करावी. रात्री कोणतं रुग्णालय उघडं असतं, सखी केंद्र कुठे आहे, विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कुठे आहे, सोबत जायला तयार असलेल्या दोन स्त्रिया कोण आहेत. दर तीन महिन्यांनी ते नंबर स्वतः फोन करून तपासावेत. त्या रात्री नेटवर मला सापडलेले निम्मे नंबर बंद होते. बैतुलमालमधून कोर्टाच्या तारखेचं एसटी भाडं आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी देता येईल का, हे आपल्या विश्वस्तांना विचारावं. आणि तिचं नाव, तिच्या गल्लीचं नाव, तिचा फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नये, न्याय मागण्यासाठीसुद्धा नाही. ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

कोणी तुम्हाला हे सांगायला आलं तर खरं-खोटं करत बसू नका, ते न्यायालयाचं काम आहे. ऐका, "यात तुझी चूक नाही" म्हणा, आणि तिला काय हवं ते विचारा. तिला गुस्ल करून नमाज पढायची असेल, तर आधी रुग्णालयात चल, मग गुस्ल कर, नमाज कजा पढता येईल, असं तिला प्रेमाने सांगा. निर्णय तिचाच. गाडीची व्यवस्था मात्र तुम्ही करा, आणि सकाळ होण्याची वाट पाहू नका.