उपवासाचे ताट आणि प्रोस्टेटचा कर्करोग

प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या माणसाच्या घरी उपवास दोन वाटांनी येतो. जुनी वाट सगळ्यांच्या ओळखीची आहे: आषाढीपासून कार्तिकीपर्यंतचा चातुर्मास, श्रावणी सोमवार, नवरात्र, महिन्याच्या दोन एकादश्या, महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडची यात्रा. नवी वाट मोबाइलमधून येते. साखर बंद करा, सोळा-सोळा तास पोट रिकामे ठेवा, गाठ आपोआप वाळेल, असे सांगणारा व्हिडिओ कुणीतरी नातेवाईक पाठवतो. गोंदियासारख्या जिल्ह्यात या दोन वाटा सहज एक होतात. आयुष्यभर श्रद्धेने धरलेला उपवास निदानानंतर ‘औषध’ म्हणून दुपटीने धरला जातो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

हा आजार प्रामुख्याने साठी उलटलेल्या पुरुषांचा. २०२२ साली भारतात त्याचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण निघाल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. प्रोस्टेटच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसल्या जातात. ते तोडले की आजार मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. पसरलेल्या आजाराचा उपचार आजही याच पायावर उभा आहे: दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर दोन्ही वृषणे काढण्याची छोटी शस्त्रक्रिया. या गाठीला उपाशी ठेवायचे असेल तर तोडायचे असते ते संप्रेरक. रुग्णाचे जेवण तोडून ते काम होत नाही.

‘साखर बंद, कॅन्सर बंद’ हे सूत्र तर या आजारात इतर कर्करोगांपेक्षाही लंगडे आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी साखर फारशी ओढत नाहीत. त्यांचा भर चरबीवर अधिक असतो. म्हणूनच साखरेचा माग काढणारा नेहमीचा पेट स्कॅन इथे तोकडा पडतो आणि पीएसएमए नावाच्या प्रथिनाचा माग काढणारा वेगळा स्कॅन करावा लागतो.

उपवासावर संशोधन झालेले नाही असे मात्र नाही. केमोथेरपीच्या आधी उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या निरोगी पेशींना कमी इजा होते, हे कॅलिफोर्नियातील वाल्टर लोंगो यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी दहा रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध झाले. त्यांत प्रोस्टेटचे रुग्णही होते. पण दहा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या १३१ स्त्रियांवर उपवासासारख्या आहाराची रीतसर चाचणी झाली, तेव्हा केमोचे दुष्परिणाम त्या आहाराने कमी झाले नाहीत, आणि बहुतेकींना तो शेवटपर्यंत पाळताही आला नाही. प्रोस्टेटच्या रुग्णांत पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करण्याची सहा महिन्यांची अमेरिकन चाचणीही २०२० मध्येच प्रसिद्ध झाली. वजन सरासरी बारा किलोंनी उतरले. पीएसए ही या आजाराचा माग सांगणारी रक्तातली खूण. ती दुप्पट होण्याच्या वेगात, म्हणजे ज्यासाठी चाचणी केली त्यात, ठोस फरक निघाला नाही. यातून निघणारे मत सरळ आहे. पोट सुटलेल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि आजार नुसता देखरेखीखाली असलेल्या माणसाने रात्रीचे जेवण लवकर उरकून सकाळपर्यंत काही खाल्ले नाही, तर त्याचे भलेच होईल, पण ते वजनामुळे. गाठ त्याने वाळत नाही.

संप्रेरक तोडणारी, म्हणजे हार्मोनची, इंजेक्शने सुरू झाली की हिशेबच पालटतो. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ आठवड्यांच्या इंजेक्शनांनंतर रुग्णांच्या अंगावरची चरबी सरासरी ९.४ टक्क्यांनी वाढली आणि चरबीवेगळे वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, २.७ टक्क्यांनी घटले. हाडे ठिसूळ होत जातात. ७३ हजार पुरुषांच्या नोंदी तपासणाऱ्या २००६ च्या दुसऱ्या अभ्यासात अशा इंजेक्शनांवर असलेल्यांना मधुमेह होण्याचा धोका ४४ टक्क्यांनी जास्त आढळला. वरून माणूस भरलेला दिसतो, ‘तब्येत सुधारली’ असे गावात म्हणतात, आणि आत स्नायू झिजत असतात. अशा शरीराला दोन गोष्टी हव्यात: प्रथिने आणि चालणे. युरोपीय आहारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार कर्करोगाच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ८२ ग्रॅम.

आता उपवासाचे ताट पाहावे. साबुदाण्याची खिचडी, तीत मूठभर शेंगदाण्याचा कूट, एक बटाटा, एक केळ, दुपारी अर्धा कप दूध घातलेला चहा. शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि प्रथिने एक ग्रॅमही नाहीत. दाण्याच्या कुटाचे सात-आठ ग्रॅम धरले, बटाटा, केळ, दूध मिळवले, तरी दिवसाची बेरीज पंधराच्या घरात अडकते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. पण दुप्पट होते ते पिष्ट. हार्मोनच्या उपचाराने आधीच बिघडू पाहणाऱ्या साखरेला ते नको असते. शिवाय दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांनी आलेले बद्धकोष्ठ चोथा नसलेल्या साबुदाण्याने आणखी घट्ट होते. आणि ज्या घरात उपवासाच्या दिवशी साध्या मिठाचा खडा चालत नाही, सैंधवच लागते, त्याच घरात तंबाखू-सुपारीचा खर्रा बिनदिक्कत चालतो! पूर्व विदर्भातल्या उपवासातली ही सवलत कुठल्या ग्रंथातून आली, ते शोधूनही सापडणार नाही.

ग्रंथांत ज्या सवलती आहेत, त्या मात्र वापरल्या जात नाहीत. एकादशीच्या व्रताला धर्मशास्त्राने आठ वर्षांपासून ऐंशीपर्यंतची मर्यादा घातली आहे. अशक्ताने फळ-दूध घ्यावे, एकवेळ जेवावे, किंवा घरातल्या दुसऱ्याने त्याच्या वतीने व्रत करावे, असे पर्याय निबंधग्रंथांत आहेत. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टींच्या यादीत पाणी, दूध आणि फळांबरोबर औषधाचेही नाव आहे. कुराणात आजारी माणसाला रोजातून सूट आहे. लंघन हेच परम औषध, असे ऐकवणाऱ्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला बाविसावा अध्याय उघडावा. त्यात लंघनाबरोबरच बृंहणाचा, म्हणजे शरीर भरून काढण्याचा विचार आहे. क्षीण, कृश, वृद्ध आणि दुर्बल यांना चरकाने बृंहणाच्या बाजूला बसवले आहे. हाडांपर्यंत आजार पोचलेला सत्तरीचा रुग्ण कोणत्या बाजूचा, हे सांगायला वैद्य लागत नाही.

उपवासाचा सर्वांत थेट धोका गोळ्यांच्या वेळापत्रकात आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पसरलेल्या आजारात दिली जाणारी अबिराटेरॉन ही गोळी एरवी रिकाम्या पोटी घ्यायची असते: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नाही. तेलकट जेवणाबरोबर ती घेतली तर रक्तात तिचे प्रमाण दहा पटींपर्यंत चढू शकते. याच गुणाचा उपयोग करून २०१८ मध्ये ७२ रुग्णांची एक चाचणी झाली. एक हजार मिलिग्रॅम उपाशीपोटी आणि अडीचशे मिलिग्रॅम हलक्या न्याहारीसोबत, या दोन्हींनी पीएसए सारखाच उतरला. औषध महाग असल्याने भारतातही काही डॉक्टर ही दुसरी रीत सांगतात. म्हणजे एकाच औषधाच्या दोन उलट सूचना प्रचलित आहेत. अडीचशेची गोळी न्याहारीसोबत घेणाऱ्याने सोमवारी न्याहारीच टाळली, तर त्या दिवशी औषध पुरते अंगी लागत नाही. हजाराच्या गोळ्या घेणाऱ्याने फराळावर घेतल्या, तर जास्त लागते. चिठ्ठीवर काय लिहिले आहे, ते विचारून घ्यावे आणि उपवासाच्या दिवशीही तसेच पाळावे. सोबतची प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी मात्र खाऊनच घ्यायची, आणि उपवास आहे म्हणून ती परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरूच नये.

पाण्याचे तसेच. किरणोपचारासाठी गोंदिया जिल्ह्यातल्या बहुतेकांना नागपूर गाठावे लागते: राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ‘मेडिकल’, नाहीतर जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. उपचार चार ते आठ आठवडे चालतो. रोज किरण देण्यापूर्वी ठरलेले पाणी पिऊन मूत्राशय भरलेले ठेवायचे असते, म्हणजे आतडी बाजूला सरकतात आणि कमी भाजतात. निर्जळी उपवास इथे उपचारालाच आडवा येतो. गोंदिया-नागपूर हा सुमारे १३० किलोमीटरचा रेल्वेप्रवास. वारंवार लघवीला लागते म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडणारे, नंतर जळजळ आणि जंतुसंसर्ग ओढवून घेणारे वृद्ध थोडे नाहीत. आणखी एक: पीएसएच्या रक्तचाचणीला उपाशीपोटी जावे लागत नाही. पहाटेच्या गाडीने निघणाऱ्याने भाकरी खाऊन निघावे.

मग खावे काय? या प्रश्नाचे उत्तर बाजारातल्या डब्यांपेक्षा जिल्ह्याच्या बांधावर जास्त आहे. जवस घ्या. अमेरिकेत प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या १६१ पुरुषांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ३० ग्रॅम दळलेले जवस खाणाऱ्यांच्या गाठीत पेशी वाढण्याचा वेग कमी आढळला. पीएसएत फरक पडला नाही, आणि त्याने आयुष्य वाढते असेही सिद्ध झालेले नाही. पण तोटा काही नाही. अख्खे जवस न पचता बाहेर पडते, म्हणून दळलेले हवे. भाजून, लाल मिरची-लसूण घालून कुटलेली जवसाची चटणी ही त्याची घरचीच रीत.

तळ्याबोड्यांचे मासेही तसेच. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या शंभर रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत ओमेगा-३ वाढवणारा आणि तळणाच्या तेलातले ओमेगा-६ कमी करणारा आहार, जोडीला माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, असा वर्षभराचा प्रयोग झाला. पेशी वाढण्याची खूण सांगणारा निर्देशांक या गटात घटला, दुसऱ्या गटात वाढला. गोड्या पाण्यातल्या रोहू-कतल्यात समुद्री माशांइतके ओमेगा-३ नसते. तरी प्रथिनांसाठी ते उत्तम, मात्र रश्शात, तळून नव्हे. धानाच्या बांधीत उतेऱ्याने, म्हणजे उभ्या धानातच पेरून, घेतलेली लाखोळी, मूग, हरभरा यांपैकी एखादी डाळ रोज ताटात हवी. लाखोळी इतर डाळींसोबत आलटून पालटून, कारण महिनोन्महिने ती एकटीच खाण्यात पायांच्या लुळेपणाचा जुना धोका आहे. भात सोडण्याची गरज नाही. दोन वेळच्या ताटात तो डोंगरासारखा असतो. तो निम्मा करून ती जागा वरण-भाजीला द्यावी, एवढेच.

भाज्यांबद्दलही जास्त आशा नको. रोज सात वाढप भाज्या खाण्याच्या ४७८ रुग्णांवरच्या चाचणीत दोन वर्षांनी आजाराच्या वाटचालीत फरक दिसला नाही, असे २०२० मध्ये जाहीर झाले. भाजी हृदयासाठी आणि पोटासाठी खावी. दुधाचे प्रमाण फार मोठे असेल तर या आजाराचा धोका वाढत असावा अशी शंका आहे. पण इंजेक्शनांवर असलेल्याच्या हाडांना कॅल्शियम हवे, तेव्हा पेलाभर दूध आणि वाटीभर दही सोडू नये. ‘ताकदीच्या’ गोळ्या मात्र सोडाव्यात. ३५ हजारांवर पुरुषांच्या सिलेक्ट या चाचणीत नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. काढ्यांचेही तेच: गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली, आणि अबिराटेरॉनचा ताण मुळातच यकृतावर असतो.

उपवास धरायचाच असेल, तर साबुदाण्याऐवजी राजगिरा, तळ्यातला शिंगाडा, दही, दूध, दाणे असे ताट मांडता येते. शंभर ग्रॅम राजगिऱ्यात तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने असतात. भगर विकत घेताना जपावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्यात एकादशीच्या भगर-आमटीच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि रस्त्यावर दोरीला बाटल्या टांगून सलाइन द्यावे लागले. डोसेटॅक्सेलची केमो घेतल्यावर आठवडा-दहा दिवसांनी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात सप्ताहाच्या पंगतीतला प्रसाद रुग्णाने कपाळाला लावावा, खाऊ नये.

शेवटची गोष्ट घरातल्या माणसांसाठी. उपवासाने थकवा येतो, चक्कर येते. त्याने पाय लुळे पडत नाहीत. प्रोस्टेटच्या रुग्णाची पाठ वाढत्या वेगाने दुखू लागली, पायांतले बळ गेले, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवी अडली, तर गाठ मणक्यात उतरून मज्जारज्जू दाबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी ‘उपासाची अशक्ती आहे, पारणे फेडल्यावर बघू’ असे म्हणत थांबू नये. पाय पुन्हा उभे राहणे उपचार किती तासांत मिळाला यावर ठरते. रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.