सोमवारची गोळी

मे महिन्यात पालघर-बोईसरला अंगावर कपडा नकोसा होतो. त्या उकाड्यातही लोकलच्या लेडीज डब्यात एखादी मुलगी मनगटापर्यंत बाह्या, पायात मोजे, डोक्याला घट्ट स्कार्फ अशी बसलेली दिसते. उन्हासाठी असेल, म्हणून आपण सोडून देतो. बहुतेक वेळा तसंच असतंही. पण कधी कधी त्या बाहीखाली कोपरावर लाल चट्टे असतात, त्यांवर खवल्यांसारखे पांढरे पोपडे, आणि स्कार्फखाली कोंडा म्हणावा तर कोंडा नव्हे अशी जाड खपली. सोरायसिस! शंभर माणसांत एखाददुसऱ्याला असणारा हा आजार. म्हणजे आपल्या गल्लीत, कंपनीत, भिशीत कुणाला तरी असणारच. आपल्याला ठाऊक नसतं, कारण बायका तो लपवतात. आणि मुलगी लग्नाची असेल तर अख्खं घर लपवतं.

मैत्रिणींनो, आज बोलायचं आहे ते या लपवण्याबद्दल. त्यात मन कुढतं हे तर आहेच. पण मला जास्त काळजी वाटते ती औषधांची. सोरायसिसवरची काही औषधं अशी आहेत की ती चोरून घेणं धोक्याचं आहे, आणि ज्या बाईला पुढे मूल हवं आहे तिला तर फारच.

आधी आजाराविषयी थोडं. आपली कातडी सतत नवी होत असते. खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती भलतेच हुकूम सोडते आणि तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. पेशींची गर्दी होते, थर साचतात, पोपडे सुटतात. यात जंतू नाही. शेजारी बसून, एका ताटात जेवून, एका अंथरुणात झोपून तो कुणाला होत नाही. घराण्यातून मात्र थोडाफार येतो. आईवडलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहा-पंधराच्या घरात, म्हणजे न होण्याचीच जास्त. टीव्हीवरची अमेरिकन किम कार्दाशियन माहीत असेल. आपल्याला सोरायसिस आहे हे तिने २०११ मध्ये उघड सांगितलं, आणि तिच्या आईलाही तो आहे. सगळे डॉक्टर आणि सगळी पार्लरं दाराशी असलेल्या बाईचाही तो कायमचा गेलेला नाही. तेव्हा ‘एकवीस दिवसांत मुळापासून’ अशी जाहिरात दिसली तर पैसे पर्समध्येच ठेवा.

बोईसरमध्ये कुणाच्या अंगावर चट्टा उठला की दोन उत्तरं तयार असतात, कंपनीचं केमिकल नाहीतर अणुकेंद्र. तारापूर एमआयडीसीच्या प्रदूषणाबद्दल राग यावा अशी कारणं भरपूर आहेत. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर देशात सगळ्यात वर होतं. रसायनाने हात भाजतात, खाजतात, फुटतात हेही खरं, पण तो त्वचेचा वेगळा आजार आहे आणि त्या वस्तूशी संबंध तुटला की बहुधा ओसरतो. सोरायसिस कारखान्यातून येत नाही. मात्र ज्याला तो आहे त्याच्या अंगावर जिथे घासलं, कापलं, भाजलं, तिथे नवा चट्टा उठू शकतो. परकराच्या नाडीची जागा, घट्ट बांगडीखालचं मनगट, पॅकिंगला दिवसभर रबरी हातमोजे घालून घामेजलेले तळवे. हे त्या बाईला कुणी सांगत नाही. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावलं तरी कमरेला केवढा आराम पडतो!

दुसरी भीती कुष्ठरोगाची. आपल्या भागात आशाताई घरोघरी चट्टे तपासायला येतात, तेव्हा कित्येकींची बोबडी वळते आणि त्या नेमका झाकलेला हात मागे घेतात. असं करू नका, दाखवा. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, सोरायसिसचा खाजतो आणि सोलवटतो, पण ठरवायचं ते डॉक्टरांनी. आणि कुष्ठरोग निघालाच तर तो आज पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, तेही २०१९ मध्ये काढून टाकलं गेलं. सोरायसिस तर त्या यादीत कधीच नव्हता.

आता लग्नाकडे येऊ. मुलीचं जमलं की घरात पहिली घाई उठते ती चट्टे घालवण्याची. हळदीला हात उघडे पडणार, मेंदीवाली तळवे बघणार. मग आई तिला डॉक्टरकडे नेते आणि सांगते, “महिन्यात स्वच्छ करून द्या, नंतरचं नंतर बघू.” चांगला डॉक्टर नकार देतो. मग दुसरा कुणी तरी सापडतो. तो स्टिरॉइडचं इंजेक्शन देतो किंवा गोळ्या देतो. कधी कधी विनानावाच्या पुडीतही स्टिरॉइडच असतं. आठ दिवसांत अंग काचेसारखं होतं. सगळे खूश. लग्नानंतर औषध थांबतं आणि पंधरा-वीस दिवसांत आजार दुप्पट जोराने उसळतो. पोटात घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद झालं की अंगभर पूचे फोड येण्यापर्यंत किंवा सगळी कातडी लालभडक होण्यापर्यंत मजल जाते. सासरी नव्याने आलेल्या मुलीला हे कसं निस्तरता येणार?

मलमाचंही तसंच. स्टिरॉइडचं मलम वाईट नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या दिवसांपुरतं लावलं तर ते सोरायसिसवरचं पहिलं आणि उपयोगी औषध आहे. पण आपण काय करतो? चिठ्ठी संपली की तीच ट्यूब मेडिकलमधून पुन्हा आणतो, वर्षानुवर्षं. उरलेली चेहऱ्याला लावतो, कारण ‘त्याने उजळतं’. मग कातडी पातळ होते, काखेत-जांघेत गर्भारपणासारखे व्रण उमटतात, चेहऱ्यावर लव येते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत टाकली. आपल्याकडे मेडिकलवाला चिठ्ठी किती वेळा मागतो, ते तुम्हीच आठवा.

आजार अंगभर असेल, किंवा बोटांचे सांधे सुजत असतील, तर मलमाने भागत नाही. (सोरायसिस सांध्यांतही उतरतो. सकाळी उठल्यावर बोटं आखडणं, नखांवर सुई टोचल्यासारखे खड्डे पडणं ही खूण असू शकते. ‘धुण्याभांड्यांमुळे’ म्हणून सोडून देऊ नका.) अशा वेळी बहुतेक डॉक्टर मेथोट्रेक्सेट देतात. स्वस्त, जुनं, खात्रीचं. या औषधाच्या मुळाशी आपल्याच देशातला एक माणूस आहे. आंध्रातून अमेरिकेला गेलेले यल्लाप्रगड सुब्बाराव. त्यांच्या पथकाने १९४० च्या दशकात ही औषधं बनवली ती रक्ताच्या कॅन्सरसाठी. पुढे १९५१ मध्ये संधिवाताच्या रुग्णांना त्यातलं एक औषध देताना तिथल्या डॉक्टरांना दिसलं की सोरायसिसचे चट्टेही साफ होत आहेत. तेव्हापासून ते त्वचारोगात आलं.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदाच! आपल्याकडे गोळी म्हटली की सकाळ-संध्याकाळ, त्यामुळे घात होतो. ती रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, ताप येतो, रक्तातल्या पेशी घटतात आणि जिवावर बेतू शकतं. त्यात बरोबर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिलेली असते, वेगळ्या दिवशी घ्यायची. अनेकदा दोन्ही छोट्या आणि पिवळ्या. अदलाबदल व्हायला कितीसा वेळ लागतो? म्हणून वार ठरवून टाका आणि कालनिर्णयवर खूण करा. अनेक जणी आठवायला सोपा म्हणून सोमवार धरतात, आणि सोमवारीच उपास असतो. रिकाम्या पोटी गोळी, वर चहा, मग दिवसभर मळमळ. ‘औषध सोसत नाही’ म्हणून ते बंदच होतं. उपास नसेल तो वार धरा. रात्री जेवणानंतर घेतली तर काहींना त्रास कमी होतो. तरीही उलट्या होत असतील तर डॉक्टर इंजेक्शनचा पर्याय देऊ शकतात. रक्त, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठरल्या वेळी करायच्याच. ताप-सर्दीला दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगायचं, कारण काही अँटिबायोटिक आणि दुखण्यावरच्या गोळ्या तिच्याशी जमत नाहीत.

आणि ही गोळी गर्भाला घातक आहे. गर्भ पडू शकतो, राहिला तर बाळात व्यंग येऊ शकतं. मूल हवं असेल तर ती आधी थांबवावी लागते, साधारण तीन ते सहा महिने, नेमकं किती ते तुमचे डॉक्टर सांगतील. अंगावर पाजतानाही ती चालत नाही. अ‍ॅसिट्रेटिन नावाची आणखी एक गोळी आहे, ती तर थांबवल्यावरही तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात. म्हणून मूल व्हायच्या वयातल्या बाईला ती शक्यतो देत नाहीत.

आता विचार करा. नवी नवरी, आजार सांगितलेला नाही, गोळ्या बॅगेच्या तळाशी शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्याखाली. सासूबाई दुसऱ्या महिन्यापासून विचारतात, “काही गोड बातमी?” नवऱ्याला गर्भनिरोधकाचं कारण काय सांगणार? पाळी चुकली तर कुणाला विचारणार? तिच्यापुढे दोनच वाटा उरतात, गोळी एकदम सोडायची आणि चट्टे उसळू द्यायचे, नाहीतर गोळी घेत राहायची आणि जे होईल ते भोगायचं. माहेरच्यांनी तिच्या भल्यासाठी लपवलं, असं ते म्हणतील. पण या कोंडीत त्यांनी तिला एकटीला सोडलेलं असतं. शिवाय लपवलेला आजार ही फसवणूक होती, असा दावा उद्या कोर्टात होऊ शकतो तो वेगळाच.

माझं स्पष्ट मत आहे, साखरपुड्याआधी सांगावं. मुलाला सांगावं, शक्यतो मुलीनेच, आणि त्याला एकदा तिच्या डॉक्टरकडे न्यावं. स्थळ मोडेल? एखादं मोडेलही, आणि त्याचं दुःख कमी नसतं. मुलाला सोरायसिस असेल तर त्यानेही सांगावं. त्याचा तर कुणी विचारच करत नाही, ‘पुरुषाच्या अंगावर काय बघायचं’ म्हणून! त्यानेही आपल्या गोळ्यांबद्दल मूल होण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं.

घाबरवायचं म्हणून हे लिहिलेलं नाही. सोरायसिस असलेल्या बायका आई होतात, धडधाकट मुलांच्या. बऱ्याच जणींचे चट्टे गरोदरपणात आपोआप कमी होतात. बाळंतपणानंतर पुन्हा वाढतात, तेव्हाची तयारी आधी ठेवायची. त्या काळात चालणारे उपचारही आहेत, साधी मऊ मलमं आणि नॅरोबँड किरणांचे शेक. अडचण शेकांच्या हेलपाट्यांची आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, असे दोन-तीन महिने. बोईसरहून मुंबईच्या नायरला किंवा केईएमला जायचं तर एका बाजूने शंभर किलोमीटरच्या आसपास. पाच मिनिटांच्या शेकासाठी दिवस जातो, रोज बुडतो, मुलं शेजारणीकडे. दोन आठवड्यांत बाई जायची थांबते आणि केसपेपरवर लिहिलं जातं, ‘रुग्ण आली नाही.’ जिल्हा होऊन २०१४ पासून इतकी वर्षं झाली. हे किरणांचं यंत्र काही अणुभट्टी नव्हे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ते मागायला हवं, महिला मंडळांनीच.

जाता जाता पथ्याचं. सातपाटीच्या, दांडीच्या कोळणीला कुणी तरी सांगतं, मासे बंद कर. जिचा धंदा आणि जेवण दोन्ही मासळी, तिने खायचं काय? मासे खाल्ल्याने सोरायसिस वाढतो याला पुरावा नाही. वाढलेलं वजन, दारू, तंबाखू, घशाचा संसर्ग, जागरण आणि काळजी यांनी मात्र तो वाढतो. वांगं, दही, सुका बोंबील या सगळ्यावर काट मारून बायका उगाच अशक्त होतात.

आणि पालघर-बोईसरच्या, डहाणू-सफाळ्याच्या मेडिकलवाल्या भावांना एक विनंती. मेथोट्रेक्सेटची पट्टी देताना पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात ‘आठवड्यातून एकदाच’ लिहा आणि वार कोणता ते त्या बाईलाच विचारून खाली घाला. पेन खिशाला असतंच.