सातबारा मिळाला, पूररेषेचं काय?

मी कोल्हापुरात जमिनीचे दस्त तपासणारा वकील आहे. पूर्वी गिऱ्हाईक तलाठ्याच्या दप्तरापासून सुरुवात करायचं. आज पुण्यात बसलेला गुंतवणूकदार डिजिटल सहीचा सातबारा मोबाईलवर काढतो, वार्षिक मूल्यदर पाहतो आणि माझ्याशी बोलण्याआधीच टोकन देतो. हा वेग मला धोक्याचा वाटतो.

कारण इथे जमिनीचा भाव राजकारण ठरवतं. 1972 साली महापालिका झाली, पण हद्दवाढ अनेक दशकं राजकारणातच अडकली. 2017 मध्ये शहरालगतच्या 42 गावांसाठी विकास प्राधिकरण आलं. ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. अशा प्रत्येक घोषणेनंतर माझ्याकडे प्लॉटची चौकशी वाढते, पण ती सातबाऱ्यापाशीच थांबते. सातबाऱ्यावर मालक, क्षेत्र, बोजा दिसतो. पुराचं पाणी कुठवर येतं ती पूररेषा दिसत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 च्या महापुरात पाणी 55 फुटांपुढे गेलं. त्यात पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणीही लागत नाही. म्हणजे छोटं घर घेणाराच सर्वांत उघडा पडतो.

संगणकीकरणाला माझा विरोध नाही. ते अर्धवट ठेवण्याला आहे. गट नंबर टाकताच सातबाऱ्यासोबत पूररेषा, विकास आराखड्यातलं आरक्षण आणि चालू दावे एकाच पानावर दिसले पाहिजेत. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून कोल्हापूरकरांनी हे लेखी घ्यावं.