आजोबा रागावलेत का?

आमच्या घरची एक गोष्ट सांगते. माझ्या मुलीच्या आजोबांचा एकच जुना फोटो होता, तोही पुराच्या पाण्यात खराब झाला. नशीब, मोबाइलमध्ये त्याची प्रत होती! मी ती घरच्या प्रिंटरवर छापली आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर नुसतीच चिकटवली. काच नाही, चौकट नाही. दिवाळीपर्यंत आजोबांचा चेहरा तांबडालाल! लेक म्हणाली, "आई, आजोबा रागावलेत का गं?"

आजोबा कशाला रागावतील? शाईनं दगा दिला होता. प्रिंटर निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा शायांचे बारीक थेंब शेजारीशेजारी टाकतो. ऊन आणि हवेतला ओझोन वायू हे रंग हळूहळू खातात. माझ्या शाईतला निळा रंग आधी उडाला. मग उरलं काय? किरमिजी आणि पिवळा! ही शाई मी बाजारातून स्वस्तातली आणून भरली होती, बरं का. त्याच भिंतीवर, त्याच कागदावर कंपनीच्या शाईनं छापलेला सहलीचा फोटो मात्र ठणठणीत होता.

मग बाहेरची शाई वापरणं चूक का? मुळीच नाही. प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि शाईवर पैसे कमवायचे, हा बऱ्याच कंपन्यांचा जुना हिशोब. अमेरिकेत लेक्समार्क कंपनीच्या टोनर कार्ट्रिज पुन्हा भरून विकण्यावरून खटला झाला. 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला!

प्रकल्पाच्या वहीतला बेडूक थोडा फिका झाला तर काय बिघडतं? तिथं मी आजही स्वस्त शाईच वापरते. आणि कंपनीच्या सगळ्या शाया टिकाऊ असतात असंही नाही हं. पाण्यात विरघळणाऱ्या रंगापेक्षा बारीक कणांची, म्हणजे पिगमेंटची शाई सहसा जास्त टिकते. बाटलीवर किंवा खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. आईबाबांना वाचायला सांगा.

पण ठेवणीतला फोटो छापण्याआधी एक प्रयोग कराच. एक रंगीत फोटो छापा. त्याचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाका आणि उन्हाच्या खिडकीत लावा. दर रविवारी कागद उचलून दोन्ही भाग ताडून पाहा. मागच्या बाजूला तारीख आणि शाईचं नाव लिहायला विसरू नका. मी विसरले होते, सगळा प्रयोग पुन्हा करावा लागला!

आजोबा आता नव्या शाईत आहेत, काचेच्या आड, खिडकीपासून लांब.