आकाशातली सरस्वती

बालमित्रांनो, आपली आकाशगंगा जिथे संपते, तिथून पुढे काय असतं, सांगा बरं?

पुढे असतात दुसऱ्या आकाशगंगा! शास्त्रज्ञ त्यांना दीर्घिका म्हणतात. एकेका मोठ्या दीर्घिकेत अब्जावधी तारे. पण या दीर्घिका विश्वात मांडल्या आहेत कशा? तिफणीने पेरलेल्या ज्वारीसारख्या सारख्या अंतरावर, की कुठे गर्दी आणि कुठे ओसाड?

याचं उत्तर दिवाळीच्या फराळात सापडतं. अनारसा आठवा. पिठाचे नाजूक धागे आणि मधे मधे भोकं, अशी त्याची जाळी असते. विश्वाचं रूपही असंच जाळीदार. धाग्यांवर दीर्घिका, भोकांच्या जागी प्रचंड पोकळ्या. पुष्कळ धागे जिथे एकत्र येतात, तिथे दीर्घिकांचे समूह जमतात आणि अशा कितीतरी समूहांचा मिळून होतो महासमूह. (अनारसा चपटा, विश्व मात्र चहूबाजूंना पसरलेलं, एवढा फरक आहे बरं का!)

असाच एक अवाढव्य महासमूह आपल्या पुण्याच्या शास्त्रज्ञांनी शोधला. डॉ. जयंत नारळीकरांनी 1988 साली उभ्या केलेल्या 'आयुका' या संस्थेतले जॉयदीप बागची, 'आयसर'मध्ये शिकणारे शिशिर सांख्यायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली हा शोध जाहीर केला. महासमूहाला नाव दिलं 'सरस्वती'. आकाशगंगा अनेक, मग त्या मिळून होणाऱ्या प्रवाहाला नदीचंच नाव हवं, नाही का?

गंमत म्हणजे यासाठी त्यांना नवी दुर्बीण बांधावी लागली नाही. अमेरिकेतल्या एका दुर्बिणीने केलेली आकाशाची पाहणी जगातल्या कुणालाही वापरता येते. आकडे सर्वांसमोर होते, त्यांत सरस्वती पुण्याच्या मंडळींना दिसली.

पण दिसली कशी? रात्री सेमिनरी हिल्सवरून शहराचे दिवे पाहा. जवळच्या घरातला बल्ब आणि लांबच्या चौकातला मोठा दिवा अगदी शेजारी शेजारी वाटतात. कोणता किती लांब, हे कळल्याशिवाय खरे शेजारी ओळखता येत नाहीत. दीर्घिकांचंही तसंच. त्यांचं अंतर सांगतो त्यांचा प्रकाश. 'तानापिहिनिपाजा' तुम्हाला पाठ आहेच. दीर्घिकेच्या प्रकाशाचा असा रंगपट्टा केला, की त्यात काही ठरावीक रेषा दिसतात. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दीर्घिका जितकी दूर, तितक्या या रेषा 'ता'कडे, म्हणजे तांबड्या रंगाकडे सरकलेल्या असतात. किती सरकल्या ते मोजायचं आणि अंतर काढायचं!

सरस्वतीचं अंतर निघालं सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षं. तिचा विस्तार 60 कोटी प्रकाशवर्षं आणि वस्तुमान आपल्या सूर्याच्या 2 वर 16 शून्यं इतक्या पट! आकडे वाचून डोकं गरगरलं? मग चला झिरो माइलच्या खांबापाशी. आपली आकाशगंगा तिथे ठेवलेली एक मीटरची परात समजू. अख्खी सूर्यमाला त्या परातीत धुळीच्या कणाएवढीही नाही. शेजारची मोठी दीर्घिका देवयानी असेल 25 मीटरवर, रस्त्यापलीकडे. आणि सरस्वती? 40 किलोमीटरवर, म्हणजे थेट रामटेकजवळ, सहा किलोमीटर पसरलेली. याच मापाने आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची कड येईल 465 किलोमीटरवर, हैदराबादच्याही थोडी पुढे.

विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं. आपण सरस्वती पाहतो ती ते साधारण 1000 कोटी वर्षांचं असतानाची. तेवढ्या काळात एवढा पसारा एका जागी गोळा कसा झाला, हाच शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न. गुरुत्वाकर्षण दीर्घिकांना जवळ ओढतं, तर विश्वाचं प्रसरण त्यांना लांब नेतं. या रस्सीखेचीत कोण कुठे जिंकतं, हे सरस्वतीसारख्या ठिकाणी तपासता येतं.

दिवाळीच्या सुट्टीत रात्री नऊच्या सुमारास आईबाबांना घेऊन गच्चीवर जा. डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल, पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा. हात लांब करून मूठ धरा आणि चौकोनाच्या मध्यापासून दक्षिणेकडे दोन मुठी मोजा. मीन राशीतली ती जागा नुसत्या डोळ्यांना रिकामीच दिसेल. सरस्वती तिथेच आहे. तिथून आज पृथ्वीवर पोचणारा प्रकाश निघाला, तेव्हा इथे डायनोसॉर तर सोडाच, एक झाडसुद्धा नव्हतं!