गोल होत नाहीत, मग बचावाचा प्रशिक्षक का बदलायचा?

भारतीय फुटबॉल संघ अपयशी ठरला की सगळेच प्रशिक्षक बदला, अशी ओरड होते. गोव्याचे महेश गवळी मात्र टिकले. ते योग्यच झाले.

गवळींनी काय केलं?
माजी बचावपटू गवळी हे इगोर स्टिमॅच यांचे सहायक होते. जून २०२३ च्या इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये भारताने ४ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. त्यानंतर सॅफ स्पर्धेत स्टिमॅच निलंबित असताना उपांत्य आणि अंतिम सामन्यात गवळींनीच संघ सांभाळला. भारत विजेता ठरला.

बिघडलं कुठे?
जानेवारी २०२४ च्या आशियाई कपमध्ये ३ सामने, गोल शून्य. पुढे चेंडू टिकत नसेल तर बचावफळीवर सतत मारा होतो. तिथे ६ गोल बसले. जूनमध्ये स्टिमॅच गेले. मनोलो मार्केझ यांनी गवळींना सहायक ठेवलं, पण गोलसाठी मार्च २०२५ मध्ये निवृत्त सुनील छेत्रीला, वयाच्या ४० व्या वर्षी, परत बोलवावं लागलं.

उपाय काय?
आयएसएलमध्ये आघाडीच्या जागा बहुतेक परदेशी खेळाडूंकडे जातात. भारतीय स्ट्रायकरना तिथे खेळायला मिळायला हवं. ठाणे, डोंबिवलीच्या टर्फवरील मुलांनाही त्यातूनच वाट मिळेल. बचाव मोडून गोल वाढत नाहीत.